रंध्यापासून रचनेपर्यंत : फर्निचर आणि लाकूडकामाच्या कार्यशाळा-शिक्षणाचा सोलापूरच्या संदर्भात आढावा

फर्निचरची रचना आणि लाकूडकाम या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच छपराखाली, हातात हत्यार घेऊन शिकायच्या, ही कार्यशाळा-पद्धतीची मूळ कल्पना आहे. अशा ठिकाणी शिकणारा खुर्चीचे चित्र काढतो, तिचे लाकूड निवडतो, कापतो, रंधतो, सांधे बसवतो आणि शेवटी तिच्यावर बसून पाहतो. कागदावर चुकलेला कोन त्या वेळी पाठीला कळतो आणि पुढच्या चित्रात तो सुधारला जातो. महाराष्ट्रात यातले सगळे धडे मिळतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. हाताचे कसब आयटीआयमध्ये मिळते, रेखाटन डिझाइनच्या महाविद्यालयात आणि लाकडाची पारख मिस्त्रीच्या हाताखाली. या तिन्हींची गाठ कुठे आणि कशी पडते, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. सोलापूर समोर ठेवून पाहिले तर तो अधिक उघड होतो. इथे कारागीर आहेत, तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत, लाकडाची कसून परीक्षा घेणारी कोरडी हवा आहे आणि फर्निचरची निकड असलेली हजारो लहान घरे आहेत.

जुनी शिकवण आणि नवी शाळा

गावगाड्यातला सुतार बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, जू, बैलगाडीची चाके, घराचे खांब-तुळया, देव्हारा आणि पाळणा हे सगळे त्याच्याकडून येई. मुलगा बापाशेजारी बसून शिके. आधी भुसा गोळा करणे, मग लाकूड धरणे, मग धार लावणे, आणि पुष्कळ दिवसांनी वाकस हातात येणे, असा तो क्रम असे. मोजमाप वीत, हात आणि बोटांचे; नकाशा डोक्यात. या पद्धतीत लाकडाची पारख फार खोल मुरत असे. कोणती फांदी चाकाच्या आऱ्याला चालेल, कोणती गाठ फुटेल, हे मुलाला झाडाकडे पाहूनच कळू लागे. तिची मर्यादाही तितकीच मोठी होती. ज्ञान जातीच्या आणि घराच्या उंबऱ्याआड राहिले. बाहेरच्या मुलाला ते मिळत नसे आणि घरातल्या मुलीलाही नसे.

शाळेत लाकूडकाम आणण्याच्या दोन वाटा एकोणिसाव्या शतकात तयार झाल्या. मॉस्कोच्या शाही तंत्रशाळेत व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास धंद्याचे तुकडे पाडले. करवतीचा सराव, रंध्याचा सराव, मग एकेक सांधा. विद्यार्थ्याने वस्तू बनवायची नाही, सराव पूर्ण करायचा. स्वीडनमधल्या नेस इथे ओट्टो सालोमोन यांनी १८७० च्या दशकात उलटी वाट धरली. त्यांच्या ‘स्लॉइड’ पद्धतीत पहिल्या दिवसापासून घरात वापरता येईल अशी वस्तू बनवायची असे, सोप्याकडून अवघडाकडे, आणि हेतू मुलाला सुतार करण्याचा नसून त्याचा हात, डोळा आणि नेटकेपणा घडवण्याचा असे. आजच्या आयटीआयमधल्या प्रात्यक्षिकांची वीण मॉस्कोच्या वाटेशी जुळते. हौशी लोकांसाठी चालणारे शनिवार-रविवारचे वर्ग नकळत स्लॉइडच्या वाटेने जातात. एकट्या सरावाने कंटाळा येतो आणि एकट्या वस्तूने हात कच्चा राहतो, म्हणून चांगल्या कार्यशाळेला दोन्ही लागतात.

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कला विद्यालयाला १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाच्या कला-कार्यशाळा जोडल्या गेल्या. लाकडावरचे कोरीवकाम तिथे शिकवले जाई. शिसवीच्या भरगच्च कोरीव फर्निचरसाठी मुंबई तेव्हा प्रसिद्धच होती. १८८७ ची व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था आणि अहमदनगरची सर डी. एम. पेटिट उद्योगशाळा याच काळातल्या. या बहुतेक ठिकाणी कारागिराला चांगला कारागीर करण्याचा विचार होता. स्वतः रचना करणारा माणूस तयार व्हावा, ही अपेक्षा नव्हती.

तो विचार वर्ध्यात बदलला. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने पायाभूत शिक्षणाचा जो आराखडा मांडला, त्यात सूतकताई-विणकाम, शेती यांच्याबरोबर सुतारकामही शिक्षणाचे माध्यम म्हणून सुचवले होते. फळी मोजताना गणित शिकायचे, झाडाबद्दल बोलताना निसर्ग आणि भूगोल. कल्पना मोठी होती, पण शाळांनी ती पेलली नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कामाच्या अनुभवावर पुन्हा भर दिला आणि शाळांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाची तासिका आली. बहुतेक ठिकाणी ती कागदी फुले आणि शुभेच्छापत्रांवर भागली, हे महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतारासारख्या स्थानिक कारागिरांकडे जाण्याची शिफारस केली आहे. दहा दिवसांत ओळख होते. हात बसायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

रचनेच्या बाजूने पाहिले तर जर्मनीतल्या वायमार इथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या रचनाशाळेने एक महत्त्वाची व्यवस्था केली. प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू, एक आकाराचा आणि एक हस्तकौशल्याचा. भारतात चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि तिथे लाकडाची सुसज्ज कार्यशाळा झाली. जपानी वंशाचे अमेरिकन लाकूडकारागीर जॉर्ज नाकाशिमा १९६० च्या दशकात तिथे आले आणि त्यांच्या रचना त्या कार्यशाळेत बनल्या. त्याआधी, १९३० च्या दशकात, ते पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमातील गोलकोंड इमारतीवर काम करून गेले होते. फळीची नैसर्गिक कड तशीच ठेवायची आणि झाडाच्या आकारातून मेजाचा आकार काढायचा, हा त्यांचा धडा भारतीय फर्निचर-रचनेत रुजला. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटीतले औद्योगिक रचना केंद्र १९६९ पासून आहे आणि पुण्यात खासगी डिझाइन संस्था आहेत. त्यांच्या कार्यशाळा उत्तम आहेत, पण प्रवेशाची दारे प्रवेशपरीक्षा आणि मोठे शुल्क यांमधून उघडतात.

महाराष्ट्रातला सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र डिझाइनच्या वर्तुळाबाहेर घडला. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलामुलींनी वर्षभर तिथे राहायचे, कार्यशाळा, शेती, वीज आणि घरगुती तंत्र या चारही अंगांची कामे करायची आणि गावकऱ्यांना पैसे घेऊन सेवा द्यायची, अशी ती रचना. गिऱ्हाइकाला दिलेली वस्तू मोडली तर ती परत येते, आणि हीच परीक्षा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, तेव्हा संगणकाने चालणारी कापणी-यंत्रे वेल्डिंगच्या शेजारी आली. लाकूडकामाच्या कोणत्याही नव्या कार्यशाळेने आधी पाबळ पाहावे.

सोलापूरची हवा आणि लाकूड

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. जंगल विरळ, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि मे महिन्याची हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल पाहता पाहता वाळतो. इमारती लाकूड बाहेरून येते. सागाची ओढ आलापल्ली-बल्लारपूरच्या जंगलांकडे असली, तरी आज वखारींत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला सागही मोठ्या प्रमाणात असतो. स्थानिक लाकूड म्हणजे बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा. बाभूळ कठीण आणि चिवट, म्हणून चाकांना आणि औतांना तीच लागे. चिंचेचा गाभा खाटकाच्या ओंडक्याला. कडुनिंबाला कीड सहसा लागत नाही. आंबा स्वस्त आणि कापायला सोपा, पण किड्याला लवकर बळी पडतो. शिकणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी सागाची फळी देणे ही महागडी सवय आहे. बाभळीवर रंधा चालवणारा हात सागावर आपोआप चालतो. सागावर शिकलेला हात बाभळीपुढे अडतो.

लाकूड तोडल्यावरही हवेशी त्याची देवघेव चालूच राहते. दमट हवेत ते पाणी घेते आणि फुगते, कोरड्या हवेत सोडते आणि आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. रुंदीत तो जाणवतो, आणि वार्षिक वलयांना स्पर्शरेषेत कापलेल्या फळीत तो त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट असतो. सोलापुरात मे महिन्यात घरातल्या लाकडाची आर्द्रता ७ टक्क्यांच्या आसपास उतरू शकते आणि पावसाळ्याच्या भरात ती १३ टक्क्यांपर्यंत चढू शकते, असे धरून हिशेब करता येतो. सागाची स्पर्शरेषेतली हालचाल दर एक टक्का आर्द्रतेमागे रुंदीच्या सुमारे ०.१८६ टक्के असते. म्हणजे ६०० मिलिमीटर रुंदीचा मेजाचा तक्ता त्या सहा टक्क्यांत साधारण ६.७ मिलिमीटर हलतो. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी, म्हणून इतर अनेक लाकडांत हा आकडा आणखी मोठा असतो. तक्ता खालच्या चौकटीला स्क्रूने गच्च आवळला तर या ६.७ मिलिमीटरना जागा उरत नाही आणि फळी चिरते.

हा हिशेब फळ्यावर पाठ करण्यापेक्षा तो हाताने काढून घ्यायला हवा. सोपा प्रयोग असा: वखारीतून आणलेल्या लाकडाचा छोटा तुकडा वजन करून भट्टीत १०३ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. १०० ग्रॅमचा तुकडा ८८ ग्रॅमवर थांबला, तर गेलेले १२ ग्रॅम भागिले ८८, म्हणजे आर्द्रता १३.६ टक्के. सोबत एक रुंद फळी भिंतीला टेकवून ठेवायची आणि तिच्या रुंदीची नोंद उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दर आठवड्याला करायची. सोलापूरसारख्या ठिकाणी या आलेखात चढउतार स्पष्ट दिसतात. जुन्या वाड्यांच्या पॅनेलच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल का बसवलेली असते, याचे उत्तर त्या आलेखात असते. सरस खाचेत घातला नाही, हा कारागिराचा आळस नसून त्याला असलेली लाकडाची पूर्ण जाण आहे. दमट कोकणात तयार केलेले आणि सोलापुरात आणलेले फर्निचर सांध्यांत का उकलते, हेही त्याच फळीवरून समजते.

सोलापूरकडे लाकडाच्या कामाचा आणखी एक वारसा आहे, त्याची नोंद फर्निचरच्या चर्चेत क्वचितच होते. तो म्हणजे हातमाग. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, पण घराघरांतले, विशेषतः पद्मशाली विणकरांचे, हातमाग तिच्या सोबतीने चालत राहिले. मागाची चौकट, हात्या, फणीची चौकट, पावड्या आणि धोटा या सगळ्यांत सुताराची कसोटी असते. हात्याचा ठोका दिवसभर अव्याहत पडत राहतो आणि प्रत्येक ठोका सांध्यांना सैल करू पाहतो. म्हणून मागाचे सांधे पाचर ठोकून घट्ट करता येतील आणि गरज पडली तर सोडवता येतील, असे असतात. आज शहरी दुकानांत सुटे करून नेता येणाऱ्या फर्निचरचे कौतुक होते, त्यातले पाचरीचे तत्त्व हेच. धोटा गुळगुळीत, समतोल आणि कुठेही कुसळ नसलेला लागतो; एक कुसळ धागा तोडते. माग दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांची ही समज कार्यशाळेच्या अभ्यासक्रमात आली, तर कोणत्याही परदेशी पुस्तकात न सापडणारा धडा तिथे तयार होईल.

लाकूड आणि नाद यांचे नाते पाहायचे तर मिरज फार दूर नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूरच्या परिसरातल्या शेतांत, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातच, पिकतात आणि दांडी तुणीच्या लाकडाची असते. हे फर्निचर नव्हे, पण पातळ लाकूड किती घासायचे हे बोटांनी ओळखण्याचे शिक्षण तिथे पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची आणि लाखकामाची परंपरा अशीच. तिथल्या राजवाड्यात कारागीर समोर बसून काम करतात आणि पाहणाऱ्याला प्रत्येक पायरी दिसते.

हात कसा बसतो

कार्यशाळेतला पहिला धडा धार लावण्याचा. नव्या पटाशीची सपाट पाठ आधी दगडावर घासून आरशासारखी करायची, कारण धार दोन पृष्ठांच्या भेटीतून बनते आणि एक पृष्ठ खडबडीत असेल तर ती भेट होत नाही. मग पुढचा उतार २५ अंशांना, आणि टोकाशी जरा उभा, ३० अंशांना. धार लागली की नाही हे पाहायला पाते उजेडात धरतात. बोथट कड पांढऱ्या रेघेसारखी चमकते. खऱ्या धारेवर प्रकाश थांबत नाही, रेघ दिसत नाही. हा धडा घाईने उरकला तर पुढचे सगळे काम जोराने करावे लागते, आणि जोराने चालवलेली पटाशी निसटून हातात जाते. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त जखमा करते.

दुसरा धडा रंध्याचा. ओबडधोबड तुकड्याचा एक चेहरा सपाट करायचा, त्याला लागून एक कड काटकोनात आणायची, गुण्या लावून उजेड पाहायचा, मग मार्किंग गेजने जाडी-रुंदी आखून उरलेल्या बाजू त्यावर आणायच्या. रंधा लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालला तर सळसळत लांब, पातळ कात्रण निघते. उलटा चालला तर रेषा उचकटते आणि पृष्ठभाग फाटतो. हा फरक कानाला हाताआधी कळतो. एक चौरस, सरळ, नेमक्या मापाचा तुकडा हाताने तयार करायला नवशिक्याला पूर्ण दिवस लागू शकतो. यंत्रावर तोच तुकडा काही मिनिटांत होतो. पण ज्याने एकदा हाताने केला आहे त्याला यंत्राने दिलेला तुकडा वाकडा आहे की सरळ हे ओळखता येते, आणि एवढ्यासाठी तो दिवस खर्चायला हवा.

मग सांधे. सगळ्या फर्निचरचा कणा म्हणजे एका तुकड्याच्या टोकाचा कुसू आणि तो बसवायची दुसऱ्यातली खाच. कुसवाची जाडी साधारण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. जास्त ठेवली तर खाचेच्या भिंती दुबळ्या होतात, कमी ठेवली तर कुसूच तुटतो. आखणी पेन्सिलीने न करता सुरीने करायची, कारण सुरीची रेघ तंतू कापते आणि पटाशीला टेकायला पायरी देते. खाच आधी, कुसू नंतर. कुसू मापाने थोडा जाड ठेवून खाचेत बसेपर्यंत कणाकणाने छिलायचा. हाताच्या दाबाने अर्धा जावा आणि हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसावा, ही योग्य घट्टपणाची खूण. हातोड्याने धाडधाड ठोकून बसवलेला कुसू खाच फोडतो. सैल कुसू सरसाने भरून काढता येतो, हा गैरसमज इथेच जायला हवा, कारण पांढरा सरस पोकळी भरून ताकद देत नाही.

वस्तूंचा क्रम मराठी घरातूनच काढता येतो. पहिली वस्तू पाट. एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, पण पट्ट्या फळीच्या रेषेला आडव्या असल्याने त्या खिळ्यांनी घट्ट ठोकल्या तर फळी चिरते; डव्हटेलच्या, म्हणजे तळाशी रुंद होत जाणाऱ्या, आकाराच्या खाचेत सरकवल्या तर फळी हलू शकते आणि तरी सपाट राहते. हालचालीचा सगळा हिशेब या एका वस्तूत येतो. त्यानंतर चौरंग आणि स्टूल, मग कप्प्यांची मांडणी किंवा खणाची पेटी. खुर्ची सर्वांत शेवटी. तिचे मागचे पाय उताराचे, बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद, त्यामुळे जवळजवळ एकही सांधा काटकोनात नसतो. शिवाय माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा ताण बैठकीच्या आणि मागच्या पायांच्या सांध्यावर येतो. ती नीट जमली की विद्यार्थी बाकीचे बहुतेक फर्निचर करू शकतो.

कोणासाठी रचायचे

कार्यशाळेत चित्र काढण्याचे स्थान वेगळे असते. लहान प्रमाणातल्या चित्रानंतर वस्तूच्या खऱ्या मापाचे चित्र प्लायच्या तक्त्यावर काढतात आणि लाकडाचा तुकडा थेट त्यावर ठेवून मापे उतरवतात. मग जाड पुठ्ठ्याचा किंवा फुकट मिळालेल्या लाकडाचा नमुना करून त्यावर बसून, टेकून, उठून पाहतात. या टप्प्यावर बदल स्वस्त असतो. अंगमापांसाठी देबकुमार चक्रवर्ती यांनी राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अंगमापांचे संकलन हा आधार आहे. परदेशी पुस्तकांतली बैठकीची उंची इथल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, पाय अधांतरी ठेवायला लावते.

रचनेचा विषय निवडताना डिझाइनच्या शाळा अनेकदा सुबक दिवाणखान्यातली आरामखुर्ची देतात. सोलापुरात याहून निकडीचे विषय समोर आहेत. हजारो बायका जमिनीवर बसून विड्या वळतात, मांडीवर सूप आणि पाठ वाकलेली. अनेक घरांत कडक भाकरीचा व्यवसाय आहे; भाकरी थापणारी बाई तासन्‌तास एकाच आसनात असते. कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि त्याच भागातल्या ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातली पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. ही घरे लहान आहेत. त्यांत दुकानातला तयार पलंग आणि कपाट ठेवले की चालायला जागा राहत नाही. रात्री झोपायला, दिवसा कामाला आणि मुलांच्या अभ्यासाला एकच वस्तू कशी वापरता येईल? विडी वळणारीच्या पाठीला आधार देणारी, पण जमिनीवरचे बसणे न मोडणारी बुटकी बैठक कशी असेल? त्या बैठकीची किंमत विडी वळणारीच्या कमाईत कशी बसेल? असे प्रश्न विद्यार्थ्याला खऱ्या रचनेकडे नेतात. इथे गिऱ्हाईक हातभर अंतरावर आहे आणि बोलते आहे. बैठक पंधरा दिवस वापरून ती काय म्हणते, हे ऐकून दुसरा नमुना करायचा, हा क्रम ज्या कार्यशाळेत असेल तिला डिझाइनचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही.

यंत्र, प्लाय आणि जपणूक

आजच्या मिस्त्रीचे बहुतेक काम प्लायवूड, सनमायका आणि फेविकॉलचे असते, आणि कार्यशाळेने त्याकडे नाक मुरडून चालणार नाही. प्लायचा तक्ता ८ फूट बाय ४ फूट. त्यातून कमीत कमी तुकडे वाया जातील असा कापणीचा नकाशा करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचे प्लाय) आणि आयएस ७१० (पाण्यात टिकणारे मरीन प्लाय) या मानकांतला फरक न कळल्याने मोरीजवळची कपाटे फुगतात. क्रम मात्र आधी घन लाकूड, मग प्लाय असाच हवा. प्लाय जवळजवळ हलत नाही, म्हणून त्यावर शिकलेल्याला लाकूड हलते हे कळतच नाही.

सुरक्षेबाबत तडजोड नको. गोल करवतीच्या पात्यामागे लाकूड चिमटले गेले की ते शिकणाऱ्याच्या अंगावर जोराने फेकले जाते; पात्यामागची पाचर-पट्टी, ढकलण्याची काठी आणि पात्याच्या रेषेत उभे न राहणे हे तीन नियम पहिल्या दिवशी लागतात. धूळ हा कमी बोलला जाणारा धोका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. सागाच्या आणि शिसवीच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते. रंध्याचे कात्रण जमिनीवर पडते, पण घासणाऱ्या सँडर यंत्राची बारीक धूळ छातीत जाते. धूळ ओढणारे यंत्र आणि मुखपट्टी यांचा खर्च फर्निचरच्या यंत्रांच्या आधी धरायचा.

उपलब्ध वाटा

सोलापूरच्या मुलामुलींसाठी सर्वांत जवळची वाट आयटीआय. सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, प्रवेशाला आठवी उत्तीर्ण पुरते, आणि २०२२ पासूनच्या रचनेत वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे. हात घडायला हे तास पुरेसे आहेत. कमी पडते ती रचना. विद्यार्थी दिलेले चित्र पुरे करतो, स्वतःचे काढत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पुढे कारखान्यात उमेदवारी करता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना सुमारे ४० तासांचे पायाभूत आणि नंतर १२० तासांचे प्रगत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये आहेत. ही योजना आधीच काम येणाऱ्यांसाठी आहे. नवशिक्याला तिचा उपयोग कमी. बांबूकडे वळायचे तर कुडाळची कोनबॅक ही बांबूसंस्था आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबईत २०१३ मध्ये सुरू होऊन पुढे गोव्यातल्या मोयरा गावी गेलेल्या मेकर्स असायलम या खुल्या कार्यशाळेसारख्या ठिकाणी हौशी माणूसही लाकूडकाम शिकू शकतो.

या सगळ्या वाटांमध्ये शिक्षकाचा प्रश्न सारखाच आहे. उत्तम मिस्त्रीकडे पदवी नसते, म्हणून त्याला शिकवायला घेत नाहीत; पदवीधर शिक्षकाने कधी खाच पाडलेली नसते. बाउहाउसची दोन गुरूंची व्यवस्था इथे आजही लागू पडते. मिस्त्रीला मानधनावर पूर्णवेळ घ्यायचे, रचनेचा शिक्षक त्याच्या जोडीला उभा करायचा, आणि दोघांचे अधिकार सारखे ठेवायचे. मिस्त्रीला सहायक म्हणून बाजूला बसवले की विद्यार्थी त्याचे ऐकेनासे होतात आणि सगळी व्यवस्था कोसळते. मुलींसाठी वेगळी बॅच काढण्यापेक्षा मेजांची उंची कमी-जास्त करता येणे, लहान मुठीची हत्यारे असणे आणि संध्याकाळी घरी परतण्याची सोय असणे अधिक उपयोगी.

मूल्यमापनासाठी कार्यशाळेकडे स्वतःची कसोटी आहे. विद्यार्थ्याने केलेल्या सांध्यांपैकी एक निवडून तो सरस वाळल्यावर मधोमध उभा कापतात. बाहेरून घट्ट दिसणाऱ्या सांध्यात आत किती पोकळी आहे, कुसू खाचेच्या तळाशी आपटला आहे का, भिंतीला पूर्ण टेकला आहे का, हे कापात स्पष्ट दिसते. पाटाची कसोटी वेगळी: तो उन्हाळ्यात करून पावसाळ्यानंतर सपाट जागेवर ठेवतात आणि चारही कोपरे टेकतात का ते पाहतात. खुर्चीची कसोटी अशी की दोन मागच्या पायांवर रेलून ती करकरते का, आणि वर्षभर घरात वापरून परत आणल्यावर कोणता सांधा आधी सैल झाला याची नोंद करून दुरुस्ती विद्यार्थ्यानेच करायची. दुरुस्तीचे गुण मूळ बांधणीइतकेच धरायचे, कारण सोलापुरातल्या जुन्या सागवानी कपाटांची, पलंगांची आणि देव्हाऱ्यांची दुरुस्ती हे त्याच्या पुढच्या रोजगारातले पहिले काम असण्याचा संभव सर्वांत जास्त आहे.